भिंतीवरच्या सोळा रेघा

मंगळवार, ता. २० मार्च १९७३

प्रिय रतन,

सुनेला पत्र लिहिताना वर ‘चि. सौ.’ घालायची रीत आहे, ती मला ठाऊक नाही असं नाही. जुनी मराठी चौथी पास आहे मी. पण दोन कागद फाडले. ‘चि. सौ.’ लिहिलं की पुढचं सगळं सासूच्या तोंडचं उमटायला लागतं, आणि आज मला तसं बोलायचं नाही. म्हणून ‘प्रिय’ लिहिलं. हसू आलं तर हस, तेवढंच तोंडाला बरं वाटेल.

तू हे वाचते आहेस म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन आलीस. भिमाजीला मी आईची, म्हणजे माझीच, शपथ घातली आहे. आधी रतनला दवाखान्यात न्यायचं, प्रेमलाबाईंची चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायची, औषध घ्यायचं, आणि मगच हे पाकीट खिशातून काढायचं. प्रेमलाबाई म्हणजे जामखेडच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. तुला त्या ठाऊक आहेत. किती ठाऊक आहेत ते मला काल कळलं, पण ते पुढे सांगते. माझं बोलणं तुला माहीत आहे, मूळ गोष्टीवर यायला मला गावाला वळसा घालावा लागतो.

आपल्या वाडीची खबर अशी. टँकर अजून एक दिवसाआड येतो. पाझर तलावाचं काम चालू आहे, निम्मं गाव तिथंच माती वाहतं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची सवय झाली म्हणतात लोक, मला मात्र ती अजून घशाखाली जाता जात नाही. तांबडी गाय गुरांच्या छावणीतून जिवंत परत येईल असं दिसतंय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली आहे, पण उभी राहते. छबूबाईची शेळी परत व्यायली, दोन करडं. तुझ्या तुळशीला मी भांडी धुतलेलं पाणी घालते, ती जगली. भिमाजी पंधरा दिवसांपासून कामावर जातो. अजून डोक्यावर पाटी घेत नाही, मुकादमानं त्याला हजेरी लिहायला बसवलं आहे. माणूस चालता-बोलता आहे, पायऱ्या चढला तरी धाप लागत नाही. बरा झाला एवढं तुला उडत उडत कळलं असेल, पण घरून कुणी कळवलं नाही, कारण कळवायचं ते मीच, आणि मी दोन महिने तोंडात गुळणी धरून बसले.

आता जानेवारीतलं सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

भिमाजी कामावरून थंडी वाजून आला तो दिवस मला अजून दिसतो. आल्या आल्या बाजेवर आडवा झाला, तीन वाकळा घातल्या तरी हूहू करत होता. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीत कळ, श्वास असा आखूड की बोलताना शब्द तुटायचे, आणि खोकल्यातून तांबूस पडायला लागलं. मी अंगारा लावला. तू म्हणालीस, अंगारा राहू द्या, दवाखानाही करू. मी म्हणाले, सातवी शिकली म्हणून फार शहाणी झालीस का. तरी तूच त्याला बैलगाडीत घालून जामखेडला नेलंस.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि न्यूमोनिया सांगितला. म्हणाले, पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊ. मला बरं वाटलं. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय डॉक्टर केल्यासारखं वाटतच नाही. पण त्यांनी आधी मनगटाच्या वर कातडीत इवलंसं टोचलं आणि गप बसून घड्याळ बघत राहिले. मी मनात म्हटलं, काय हा चिक्कूपणा, लेकरू जातंय आणि हे थेंब थेंब देताहेत. थोड्या वेळानं तिथं फोड आल्यासारखं टरारलं, दंडापर्यंत गांधी उठल्या आणि त्याचे ओठ सुजायला लागले. लगेच दुसरी सुई देऊन त्यांनी ते बसवलं. केसपेपरवर तांबड्या शाईनं लिहिलं, की याला पेनिसिलिन चालत नाही, कुणी कधी देऊ नये. पुरी सुई दिली असती तर जीवच गेला असता, असं त्यांनी मला सांगितलं. तो कागद मी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाखाली ठेवला आहे. दवाखान्यात गेलं की आधी तो कागद, मग नाडी.

मग त्यांनी त्या दोन रंगांच्या कॅपसुली दिल्या. टेट्रासायक्लिन. हे नाव माझ्या जिभेवर बसायला दोन महिने लागले. दिवसाला चार, सहा-सहा तासांनी, सात दिवस. एकूण अठ्ठावीस. कंपाउंडर पुड्या बांधता बांधता सांगत होता, आणि मी बाहेर बैलांकडे बघत होते. तू मात्र पदर खोचून त्याच्यासमोर उभी होतीस. जेवणाआधी तासभर द्यायची, नाहीतर जेवून दोन तासांनी. नुसत्या पाण्याबरोबर. दूध नाही, ताक नाही. ताप उतरला तरी मधे सोडायची नाही. तू दोनदा विचारून घेतलंस. घरी आल्यावर चुलीच्या वरच्या भिंतीवर तू गेरूनं रेघ ओढलीस. एक कॅपसूल, एक रेघ. चार झाल्या की आडवी रेघ मारून जुडी बांधायचीस.

आणि संध्याकाळी तू ते दुधाचं सांगितलंस तेव्हा माझं डोकं फिरलं. रतन, अगं आमच्या सात पिढ्यांत कुणी डॉक्टरी गोळी दुधावाचून गिळलेली नाही. इंग्रजी औषध उष्ण, ते पोटात आग पाडतं, आतडी सोलतं, आणि त्यावर दूध हाच उतारा, हे मला माझ्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. तुझे सासरे हिवतापानं आजारी होते तेव्हा कडू गोळ्यांवर मी त्यांना दूधच पाजत होते. आणि ही कालची पोर मला सांगते, दूध द्यायचं नाही. मला वाटलं, दुष्काळात दूध मिळवायचे कष्ट नकोत म्हणून सांगते आहे. असं वाटलं मला तुझ्याबद्दल. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

मग मी काय केलं ते तू पाचव्या दिवशी डोळ्यांनी पाहिलंस. पण आधीचे चार दिवस तुला ठाऊक नाहीत. तलावावर मजुरांना सुकडी वाटायचे ना, त्यातली माझ्या वाट्याची सुकडी मी रोज छबूबाईच्या नातवंडांना द्यायचे, आणि तिच्याकडून शेळीचं पावशेर दूध घ्यायचे. तुला सांगायचे, मी तिथंच खाऊन आले. पावशेराचे चार घोट करायचे. तू वेळेवर कॅपसूल द्यायचीस, रेघ ओढायचीस आणि हंडा घेऊन टँकरच्या रांगेला किंवा गोठ्याकडे वळायचीस. तुझी पाठ वळली की मी लोटी काढून त्याच्या तोंडाला लावायची. रात्री तर मी तुला मुद्दाम झोपायला पाठवायची. तापात त्याला दूध काय नि पाणी काय, सगळं सारखंच. मला केवढं समाधान वाटायचं सांगू. मी उपाशी आहे, पण माझं लेकरू जळत नाही, असं वाटायचं.

ताप काही हटेना. चार दिवस झाले, सोळा रेघा होत आल्या, आणि अंग तव्यासारखं. श्वास अजून आखूड. तुझा भाऊ गहिनीनाथ त्याला बघायला आला होता, त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की लक्षण बरं नाही. पाचव्या दिवशी सकाळी तू सोळावी रेघ ओढून गेलीस, पण टँकर आलाच नाही, म्हणून तू हंडा घेऊन तशीच परत आलीस, आणि दारात उभी राहिलीस. माझ्या हातात लोटी होती, त्याच्या मिशीला दूध लागलं होतं.

तू ओरडली नाहीस. हळूच विचारलंस, “आत्या, रोज देता का दूध?”

बस, एवढंच. आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं मी सुरू झाले. मी सापडले होते ना. सापडलेल्या माणसाला फार आवाज येतो. मी अंगणात जाऊन आळी गोळा केली. सगळ्यांसमोर म्हणाले, “हिनं वेळा चुकवल्या. कोरड्या गोळ्या चारून माझं लेकरू जाळलं हिनं.” ते वाक्य भिमाजीनं बाजेवरून ऐकलं. गहिनीनाथानं ऐकलं. तू दारात उभी होतीस, तुझ्या हातात रिकामा हंडा होता, पोटात साडेचार महिन्यांचं होतं. लोटी तिथंच बाजेखाली होती. तू नुसतं बोट दाखवलं असतंस तरी माझं तोंड बंद झालं असतं. पण तू एक शब्द बोलली नाहीस. मी पुढे काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. गहिनीनाथ म्हणाला, चल बाई, आणि तू भोगीच्या आदल्या दिवशी, तोंडात घास न घालता, दुपारच्या गाडीनं माहेरी निघून गेलीस. दोन जिवांच्या सुनेला ओटी न भरता या घरातून कुणी घालवलं नव्हतं. ते मी केलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या ट्रकमधून भिमाजीला जामखेडला नेलं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. त्यांनाही कोडं पडलं होतं, एवढ्या औषधानं थोडा तरी उतार पडायला हवा होता. म्हणाले, एक-दोन दिवस इथं आमच्या हातानं देऊन बघू, नाहीतर नगरला न्यावं लागेल. आणि मी शहाणी तिथंही हॉटेलातून लोटीत दूध आणून पदराखाली धरून बसलेली.

संध्याकाळी प्रेमलाबाईंनी कॅपसूल दिली. देऊन गेल्या नाहीत. स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या. बाई जाता जाईना. मी इकडचं बोलले, तिकडचं बोलले, तुमचं गाव कोणतं विचारलं, मुलं किती विचारलं. त्या नुसत्या हसत होत्या. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, जरा बाहेर या, आणि ते पदराखालचं घेऊन या. व्हरांड्यात त्यांनी मला समजावलं, रागावल्या नाहीत. दुधात चुन्यासारखा एक अंश असतो, आजी. तो या औषधाला पोटातच धरून ठेवतो. औषध रक्तात जातच नाही, आलं तसं बाहेर पडतं. तुमचा मुलगा चार दिवस औषध गिळत होता, पण त्याच्या छातीपर्यंत त्यातलं फारच थोडं पोचलं. मी विचारलं, मग त्याला जाळलं कुणी? त्यांनी लोटी माझ्या हातातून घेतली आणि पलीकडच्या बाळंतिणीला नेऊन दिली.

रतन, मी त्या व्हरांड्यात बसून रडले. मोठ्यानं नाही रडता येत, आत लेकरू. मी उपाशी राहून, दुसऱ्याच्या शेळीचं दूध मागून, चार दिवस स्वतःच्या हातानं त्याचं औषध मारत होते. आणि जी एकटी बरोबर होती तिला घालवून दिलं होतं.

दूध बंद झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला घाम फुटला आणि अंग गार लागलं. मला वाटलं गेला, मी किंचाळले. प्रेमलाबाई धावत आल्या, हात लावून बघितला आणि म्हणाल्या, अहो आजी, ताप उतरला. तो डोळे उघडून म्हणाला, भूक लागलीय. सात दिवस तिथं होतो, पुढच्या पाच दिवसांच्या वीस कॅपसुली देऊन घरी पाठवलं. घरी आल्यावर माझ्यातली जुनी खोड परत उठली. ताप तर गेला, आता या कशाला संपवायच्या, जपून ठेवू, अडीनडीला होतील. तू गेल्यावर मी एकही दिली नव्हती, त्या तुझ्या वेळच्या उरलेल्या बारा कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवल्या होत्याच. हात तिकडं गेलासुद्धा. पण चुलीवरच्या भिंतीकडं बघितलं. तुझ्या चार जुड्या होत्या तिथं. मी गेरू शोधला आणि त्यांच्यापुढं माझी पहिली रेघ ओढली. वाकडी आली. पण वीसच्या वीस ओढल्या, नुसत्या पाण्याबरोबर, जेवणाआधी तासभर. एकदा तो जेवून बसला होता तर दोन तास थांबवला. तो म्हणाला, आई, तू कधीपासून घड्याळ बघायला लागलीस? मी म्हणाले, वय झालं की कळतं.

तिथं सांगायला हवं होतं मी त्याला. तिथंच. पण नाही सांगितलं. तो विचारायचा नाही, मी बोलायची नाही. आळीतलं कुणी तुझं नाव काढलं की तो म्हणायचा, मी मरणाच्या दारात होतो आणि ती माहेरी गेली. आणि मी, रतन, मी भाकरी थापत ते ऐकत राहायची. एकदाही म्हणाले नाही की अरे, ती गेली नाही, मी घालवली. वाटायचं, लेक आत्ता कुठं उठून बसलाय, त्याच्या नजरेतून मी उतरले तर मी कुठं जाऊ. आज सांगते उद्या सांगते करत दोन महिने काढले. तुला पत्र टाकायचं त्याच्याही मनात होतं, मला दिसत होतं. कोरं कार्ड पंधरा दिवस त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. ते तसंच धुण्यात गेलं.

परवा गहिनीनाथाचं कार्ड आलं. त्यानं माझ्या नावानं लिहिलं होतं, भिमाजीच्या नाही. रतनला चार दिवस ताप आणि खोकला आहे, बाळ पोटात म्हणून काळजी वाटते, ज्या कॅपसुलींनी दाजी उठले त्यातल्या काही उरल्या असल्या तर कुणाबरोबर तरी पाठवा. मी करंडा उघडला. बारा होत्या. पुडी बांधली, वर सुतळीही गुंडाळली. सकाळच्या गाडीनं शाळेचे गुरुजी नगरकडे जाणार होते, त्यांच्या हाती द्यायची आणि पुढे कुणीतरी पोचवेल. मला एवढा आनंद झाला होता की काय सांगू. वाटलं, चला, यातून तरी माझं थोडं फिटेल. पुडी हातात घेऊन गुरुजींच्या दारापर्यंत गेले आणि तिथं माझे पाय थांबले. दूध पाजतानाही मला असाच आनंद झाला होता, तो आठवला. म्हटलं, आक्काबाई, आधी विचार, मग दे.

गुरुजींना काही न देता त्याच गाडीनं मी जामखेडला गेले. प्रेमलाबाईंपुढं पुडी ठेवली आणि विचारलं. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, कितवा महिना? मी म्हणाले, सातवा. म्हणाल्या, दिवस गेलेल्या बाईला हे औषध देतच नाहीत. बाळाच्या दातांत आणि हाडांत जाऊन बसतं, दात कायमचे पिवळे-तपकिरी उगवतात. आईच्या काळजालाही त्यानं बाधा होऊ शकते, काळीज म्हणजे पोटातलं, यकृत. शिवाय दोन महिने चुलीजवळ ठेवलेल्या कॅपसुली, त्या खराब होतात, आणि खराब झालेलं हे औषध मूत्रपिंडाला लागतं. आणि रतनचा ताप त्याच जंतूचा आहे हे तरी कुठं ठाऊक? साधं पडसंही असेल. त्याला औषध लागणारही नाही. डॉक्टरांनी बघायला हवं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तुला पेनिसिलिन द्यायचं ठरलं तर तुझ्याही हातावर आधी टोचून बघतील. भिमाजीला चालत नाही म्हणून तुला चालणार नाही असं नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलं आहे. माझ्या बारा कॅपसुली त्यांनी माझ्यासमोर मोरीत फोडून पाणी ओतलं. मला वाईट वाटलं नाही.

निघताना मी त्यांचे हात धरले. म्हणाले, बाई, त्या दिवशी तुमची नजर तिखट म्हणून माझं लेकरू वाचलं, तुम्ही पदराखालची लोटी ओळखलीत. त्यांनी मला बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, “आजी, मी काही ओळखली नव्हती. आदल्या दिवशी तुमची सून आली होती. एस.टी. बदलायला उतरली, भावाला स्टँडवर बसवून इथं पळत आली. म्हणाली, उद्या त्यांना इकडं आणतील, आत्यांच्या जवळ लोटी असेल, ती बघा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका. आत्या मायेनं देतायत, त्यांना लई लागंल.”

घरी कशी आले मला आठवत नाही. तुझ्या तोंडात घास नाही, डोळे सुजलेले, आळीसमोर मी काय काय बोललेली, आणि तू जाता जाता माझ्या लेकाला वाचवून गेलीस. वर माझी अब्रूही झाकून गेलीस. रतन, माझ्या पोटच्या पोरीनं असं केलं नसतं. मी तरी केलं नसतं, हे नक्की.

काल संध्याकाळी भिमाजी कामावरून आला, हातपाय धुतले, आणि मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. सुकडीपासून लोटीपर्यंत, आणि प्रेमलाबाईंनी सांगितलेलं शेवटपर्यंत. त्यानं भिंतीवरच्या रेघा एकेक करून मोजल्या. मग म्हणाला, “आई, दूध तू मायेनं पाजलंस, त्याचं मला काई न्हाई. पर दोन म्हैने तू गप बसलीस, ते लई लागलं.” उठला आणि पिशवी भरायला लागला. बरोबर बोलला तो. दुधाची चूक माझ्या अडाणीपणाची, गप्प बसण्याची माझी स्वतःची. पहिलीची माफी तू तेव्हाच दिलीस, दुसरीची मागायला तोंड नाही, म्हणून कागदावर मागते आहे.

आता शेवटचं. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही, हे तू ओळखलं असशील. भिमाजी एकटा आलेला नाही. तू हे वाचते आहेस तेव्हा मी तुमच्या बेलापूरच्या एस.टी. थांब्यावर बसलेली आहे. पिशवीत खण आहे, नारळ आहे, पाच मुठी गहू आहेत, हळदकुंकू आहे. सातव्या महिन्यात सासूनं ओटी भरायची असते. पण तुझ्या माहेरच्या उंबऱ्यात मी कोणत्या तोंडानं पाय ठेवू, गहिनीनाथानं ते सगळं ऐकलं आहे. म्हणून तू बोलावलंस तरच येईन. बाळंतपण माहेरीच होऊ दे, मी घेऊन जायला आलेली नाही, नुसती ओटी भरायला आले आहे. नाही बोलावलंस तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, आणि मनात राग धरणार नाही, कारण धरायला जागाच नाही. भिंतीवरच्या तुझ्या सोळा रेघा मी पुसलेल्या नाहीत, पाडव्याला घर सारवतानाही तेवढी भिंत सोडणार आहे. बोलवायचं असेल तर भिमाजीला पाठवू नकोस, त्याला अजून उन्हात चालवत नाही. कुणालाही पाठव. नुसता निरोप पुरे.

आणि औषध घेताना डॉक्टरांनी दूध चालतं का ते सांगितलं नसेल, तर विचारून घे.

तुझीच,
आत्या
(आक्काबाई)